मोठे अक्षर, लहान अक्षर आणि वस्तुनिष्ठता

देवनागरीत लिहिण्यावाचण्याची सवय असलेल्या माणसाला इंग्रजी लिपीतली एक गोष्ट नेहमीच थोडी परकी वाटत आली आहे. एकाच अक्षराची दोन रूपे, एक मोठे आणि एक लहान. मराठी शाळांतून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना पूर्वी पहिली, दुसरी, तिसरी आणि चौथी अशा चार लिप्या गिरवाव्या लागत. छापील मोठी, छापील लहान आणि त्याच दोहोंची हाताने लिहिण्याची वळणे. मग नियम पाठ करायचे. वाक्याचे पहिले अक्षर मोठे. माणसांची, गावांची, देशांची, भाषांची नावे मोठ्या अक्षराने सुरू करायची. वार आणि महिने यांना मोठे अक्षर, ऋतूंना मात्र लहान. 'मी' या अर्थाचा शब्द वाक्यात कुठेही आला तरी मोठा, 'तू' या अर्थाचा शब्द मात्र वाक्याच्या आरंभी असेल तरच. नियम पाठ होतात, परीक्षेत गुणही मिळतात. पण हे असे का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

इंग्रजी निबंधलेखनाच्या पुस्तकांत आणखी एक उपदेश असतो, तो बहुधा वेगळ्या प्रकरणात. एखादे मत वाचकाला पटवून द्यायचे असेल तर आवाज चढवू नका, विशेषणे आवरा, उद्गारचिन्हे टाळा, महत्त्वाच्या वाटणाऱ्या शब्दांना उगाच मोठी अक्षरे देऊ नका. थोडक्यात, वस्तुनिष्ठ लिहा. पहिला उपदेश व्याकरणाचा आणि दुसरा शैलीचा, अशी आपली समजूत होते. इतिहास पाहू गेल्यास हे दोन उपदेश एकमेकांत चांगलेच गुंतलेले दिसतात. मोठे अक्षर कोणाला द्यावे, हा इंग्रजीत गेली साडेतीनशे वर्षे केवळ व्याकरणाचा प्रश्न राहिलेला नाही. जोर कशावर द्यावा, मान कोणाला द्यावा आणि निःपक्षपातीपणा कशाला म्हणावे, हेही त्या प्रश्नात आलेले आहे. या इतिहासातून आम्हांला जे दिसते ते आरंभीच सांगून टाकतो. मोठे अक्षर जसे पक्ष घेते, तसेच लहान अक्षरही घेऊ शकते. म्हणून अक्षरे लहान केल्याने लेखन आपोआप वस्तुनिष्ठ होत नाही.

प्रथम अक्षरांची कुळकथा. प्राचीन रोमच्या शिलालेखांत दिसतात ती सगळी मोठी अक्षरे. दगडावर छिन्नीने कोरायला ती सोयीची, परंतु पुस्तके नकलून काढणाऱ्याला वेळखाऊ. आठव्या शतकाच्या अखेरीस, शार्लमेन राजाच्या काळात, मठांतून एक सुटसुटीत, गोलसर, लहान अक्षरांचे वळण रूढ झाले. पुढे मजकूर लहान अक्षरांत आणि आरंभ मोठ्या अक्षरांत, अशी वाटणी हस्तलिखितांत स्थिरावली. विल्यम कॅक्स्टनने 1476 साली वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला, तेव्हा दोन्ही प्रकारची अक्षरे इंग्रजी मुद्रणात आली. पुढे खिळे जुळवणाऱ्यासमोर दोन पेट्या मांडण्याची रीत पडली. वरच्या पेटीत मोठी अक्षरे आणि खालच्या पेटीत लहान. इंग्रजीत या दोन प्रकारांना आजही 'वरच्या पेटीतली' आणि 'खालच्या पेटीतली' अक्षरे म्हणतात, ते यावरूनच. खिळ्यांचे छापखाने गेले, पेट्या गेल्या, नावे तेवढी उरली.

सतराव्या शतकात इंग्रजी छपाईत मोठ्या अक्षरांचा सुकाळ झाला. विशेषनामांना ती होतीच, आता महत्त्वाच्या वाटणाऱ्या सामान्य नामांनाही मिळू लागली. हॉब्जचा 'लेव्हायथन' हा ग्रंथ 1651 साली निघाला. त्याची मूळ आवृत्ती उघडली तर पानोपानी मोठी अक्षरे माना वर काढून उभी दिसतात. जोसेफ मॉक्सन याने 1683-84 या वर्षांत मुद्रणकलेवर पुस्तक प्रसिद्ध केले. ज्या शब्दांवर विशेष जोर आहे ते तिरप्या अक्षरांत जुळवावेत आणि कधी कधी त्यांचा आरंभ मोठ्या अक्षराने करावा, असा दंडक त्याने नोंदवून ठेवला आहे. म्हणजे मोठे अक्षर हे तेव्हा उघडउघड जोर देण्याचे साधन होते. वक्ता जसा एखाद्या शब्दाशी थबकतो आणि हात उंचावतो, तसा हा छापील हात. पुढे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तर जवळजवळ प्रत्येक नामाला मोठे अक्षर देण्यापर्यंत मजल गेली. सगळेच शब्द महत्त्वाचे ठरल्यावर महत्त्व कशालाच उरले नाही, हे ओघानेच आले.

गंमत अशी, की नेमक्या याच काळात इंग्लंडात साध्या, अलंकारविरहित गद्याची चळवळ चालू होती. 1660 साली रॉयल सोसायटी स्थापन झाली. कोणाच्याही शब्दावर विसंबू नये, अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद तिने घेतले. थॉमस स्प्रॅट याने 1667 साली या संस्थेचा इतिहास लिहिला. सोसायटीच्या सभासदांनी शब्दांचा फुलोरा टाकून गणितासारख्या नितळ भाषेत बोलावे-लिहावे, असा आग्रह त्यात आहे. मात्र हा आग्रह ज्या पानांवर छापला आहे, त्या पानांवर मोठ्या अक्षरांची रेलचेल आहे. स्प्रॅटला यात विसंगती वाटली नाही, आणि त्या काळच्या कोणाला वाटण्याचे कारणही नव्हते. त्यांच्या लेखी लेखनाची विश्वसनीयता अक्षरांच्या आकारावर अवलंबून नव्हती. रॉबर्ट बॉइलने 1660 साली हवेच्या पंपावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. यंत्र कसे बांधले, कोणते जाणकार समोर हजर होते, काय दिसले, आणि कोणते प्रयोग फसले, हे सारे त्याने तपशीलवार लिहिले. फसलेले प्रयोग नोंदवणे ही त्यातली मोलाची गोष्ट. वाचकाला पटवणे हा बॉइलचाही हेतू होताच. परंतु पटवण्यासाठी त्याने वाचकाच्या हाती तपासण्याची सामग्री दिली. वस्तुनिष्ठ लेखनाची याहून चांगली व्याख्या आम्हांला सुचत नाही.

अर्थात अशा लेखनाचे सोंगही घेता येते. जॉनथन स्विफ्टने 1729 साली डब्लिनमध्ये 'अ मॉडेस्ट प्रपोजल' हे पत्रक निनावी प्रसिद्ध केले. आयर्लंडमधल्या दारिद्र्यावर उपाय म्हणून गरिबांची मुले वर्षाची झाली की श्रीमंतांच्या ताटात वाढावीत, असा तो प्रस्ताव. त्यात कुठेही आवाज चढलेला नाही. गरिबांघरी दरवर्षी 1,20,000 मुले जन्मतात, पैकी 20,000 वंशवृद्धीसाठी राखावीत, बाकी 1,00,000 विकावीत, असा शांत, हिशेबी सूर आहे. विल्यम पेटीसारख्यांनी रूढ केलेल्या 'राजकीय अंकगणिता'चे ते भीषण विडंबन होते. तेव्हाच्या छपाईच्या रीतीप्रमाणे सगळ्या नामांना मोठी अक्षरे असल्यामुळे मूल आणि मांस हे दोन्ही शब्द सारख्याच उंचीचे दिसतात. थंड स्वर आणि आकडे यांचा पोशाख अंगावर चढवला की कोणताही अविचार सभ्य दिसू लागतो, हे स्विफ्टने जेवढे स्पष्ट दाखवले तेवढे पुढच्या कोणा टीकाकाराने क्वचितच दाखवले असेल. वस्तुनिष्ठतेचा सूर आणि वस्तुनिष्ठता यांत अंतर आहे, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

1750 च्या सुमारास वारे फिरले. पाने सपाट, एकसारखी दिसावीत अशी मुद्रकांची अभिरुची बनली आणि काही दशकांतच सामान्य नामांची मोठी अक्षरे ओसरली. हा बदल सर्वांना रुचला नाही. बेंजामिन फ्रँकलिन हा मुळात छापखानेवाला. डिसेंबर 1789 मध्ये, मृत्यूपूर्वी चारच महिने, त्याने कोशकार नोआ वेबस्टरला लिहिलेल्या पत्रात याविषयी तक्रार केली आहे. नामांना मोठी अक्षरे देण्याची जुनी रीत वाचकाला उपयोगी होती, ओळी सारख्या दिसाव्यात या हौसेपायी ती सोडली गेली आणि वाचणे कठीण झाले, असे त्याचे म्हणणे. त्याच पत्रात लांब 'एस्' टाकून देण्याबद्दल बोलताना त्याने म्हटले आहे, की चेहरे गुळगुळीत करण्यासाठी सर्वांची नाके तासली तर चेहरे ओळखणे अवघड होईल. फ्रँकलिनची तक्रार कोणी मनावर घेतली नाही. लिंडली मरे याचे 1795 चे व्याकरण पुढे अनेक दशके शाळांतून चालले. प्रत्येक नामाला मोठे अक्षर देण्याची चाल आता गेली असे सांगून त्याने मोजके नियम घालून दिले. आजचे नियम बहुतांशी तेच. तरी एक फट त्यानेही ठेवली होती. शब्द फारच जोरकस असेल किंवा लेखाचा मुख्य विषय असेल तर त्याला मोठे अक्षर चालेल, अशी. जर्मन भाषेने मात्र सर्व नामांची मोठी अक्षरे आजतागायत टिकवली आहेत. डॅनिश भाषेने ती 1948 साली सोडली. तेव्हा यात निसर्गनियम असा काही नाही, समाजाने केलेली निवड आहे, हे उघड आहे.

या संक्रमणाच्या काळातला एक सुप्रसिद्ध दस्तऐवज म्हणजे अमेरिकेचा 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. जगाला पटवून देण्यासाठी लिहिलेला हा मजकूर. त्याची मांडणी पाहा. आधी तत्त्वे, मग राजाविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी. आणि ही यादी निःपक्ष जगासमोर पुरावा म्हणून ठेवत आहोत अशी भूमिका. टॉमस जेफरसनला स्वतःला मोठ्या अक्षरांची हौस नव्हती. त्याच्या हस्तलिखित मसुद्यात वाक्येसुद्धा लहान अक्षराने सुरू होतात. टिमथी मॅटलॅकने चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरात केलेली सही-शिक्क्याची प्रत मात्र मोठ्या अक्षरांनी भरलेली आहे. तीत जीवित, स्वातंत्र्य आणि सुख या तीन शब्दांना मोठी अक्षरे आहेत, त्या सुखाच्या 'शोधा'ला मात्र लहान. मूळ रहिवाशांचा उल्लेख ज्या तक्रारीत आला आहे, तेथे त्यांना 'रानटी' म्हटले आहे आणि त्या 'रानटी' शब्दालाही मोठे अक्षर आहे. यावरून एक बोध घ्यायला हरकत नाही. मोठे अक्षर म्हणजे सन्मान, असे समीकरण तेव्हा झालेले नव्हते. शिवीलाही ते मिळे.

समीकरण झाले ते पुढच्या शतकात. सामान्य नामांचे मोठे अक्षर गेले, विशेषनामांचे राहिले. त्यामुळे मोठे अक्षर म्हणजे 'स्वतःचे नाव असणे', असा अर्थ त्याला चिकटला. आणि मग प्रश्न उभा राहिला तो 'नीग्रो' या शब्दाचा. आज हा शब्द मागे पडला आहे. त्या काळी मात्र तो आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांनी स्वतःही स्वीकारलेला होता. आयरिश, चिनी, इंडियन या सर्वांना मोठे अक्षर, पण 'नीग्रो'चा 'एन्' लहान, अशी अमेरिकी वृत्तपत्रांची सर्रास रीत होती. शिकागोच्या 'कॉन्झर्व्हेटर' या पत्राचा संपादक फर्डिनंड बार्नेट याने 1878 सालीच हा शब्द मोठ्या अक्षराने लिहा, असा लेख लिहिला होता.

1899 साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचे 'द फिलाडेल्फिया नीग्रो' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने सोपवलेले हे काम. फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर हिंडून त्यांनी माणसांचे व्यवसाय, उत्पन्न, घरभाडे, आजार, शिक्षण, गुन्हे यांची माहिती जमवली; कोष्टके केली, नकाशा काढला. पुढे ज्याला शास्त्रीय समाजशास्त्र म्हटले गेले, त्याचा अमेरिकेतला हा एक पाया मानतात. स्वतः कृष्णवर्णीय असूनही त्यांनी आपल्या समाजाची उणी बाजू झाकली नाही. अशा या पुस्तकाच्या एका तळटीपेत ते सांगतात, की हा शब्द आपण मोठ्या अक्षराने लिहिणार आहोत, कारण 80 लाख अमेरिकनांचा एका मोठ्या अक्षरावर हक्क आहे असे आपल्याला वाटते. एवढेच. ना आक्रोश, ना उपमा.

ही तळटीप आम्हांला या साऱ्या इतिहासाचा मध्यबिंदू वाटते. शेकडो पानांची कोष्टके आणि ही एक ओळ यांत विरोध आहे काय? रूढ समजुतीप्रमाणे आहे. कोष्टके वस्तुनिष्ठ आणि तळटीप भावनेची, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. ड्यू बॉइस यांनी आपली निवड लपवली नाही. ती कोणती आणि का, हे पहिल्याप्रथम सांगून ते कामाला लागले. याउलट लहान 'एन्' छापणारे संपादक आपण काही निवड करत आहोत हेच मान्य करत नव्हते. हा रंगवाचक शब्द आहे, विशेषनाम नव्हे, आमची छपाईची पद्धत अशीच आहे, एवढे ते सांगत. नियमाच्या आड उभे राहून एका समाजाला मात्र वेगळा नियम लावत. 1929 साली 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'साठी लिहिलेल्या लेखात हा 'एन्' लहान केला जाईल, असे संपादकाने कळवले तेव्हा ड्यू बॉइस यांनी सणसणीत उत्तर लिहिले आणि हा व्यक्तिगत अपमान मानला. अखेर 7 मार्च 1930 रोजी 'न्यू यॉर्क टाइम्स'ने यापुढे हा शब्द मोठ्या अक्षराने छापला जाईल असे जाहीर केले. हा केवळ टंकांतला फरक नसून पिढ्यानपिढ्या लहान अक्षरात ठेवल्या गेलेल्या समाजाच्या स्वाभिमानाची दखल आहे, असा त्या संपादकीयाचा आशय होता.

हीच दशके अमेरिकी वृत्तपत्रसृष्टीत वस्तुनिष्ठतेच्या तत्त्वज्ञानाची होत, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. ऑगस्ट 1920 मध्ये वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ यांनी 'न्यू रिपब्लिक'मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. रशियन क्रांतीविषयी 'न्यू यॉर्क टाइम्स'ने तीन वर्षांत दिलेल्या बातम्या त्यांनी एकेक करून तपासल्या. बोल्शेविकांची सत्ता आता कोसळणार, असे त्या पत्राने 91 वेळा सांगितले होते. ती काही कोसळली नाही. वार्ताहरांनी जे होते ते पाहिले नाही, जे व्हावेसे वाटत होते ते पाहिले, हा निष्कर्ष. या बातम्यांची भाषा पत्रकाच्या भाषेसारखी भडक होती असे नाही. त्या नेहमीच्या, संयत, बातमीच्या भाषेत होत्या. तेव्हा लिपमनने आग्रह धरला तो पद्धतीचा. पत्रकार मनाने निःपक्ष असेलच असे नाही, त्याची पद्धत मात्र तपासता येईल अशी असावी. 1923 साली अमेरिकी संपादकांच्या संघटनेने आपली आचारसंहिता केली, तीत सत्य, अचूकपणा आणि निःपक्षपात ही कलमे आली. तरीही ज्या वर्षी ही संहिता झाली, त्या वर्षी बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांत 'नीग्रो'चा 'एन्' लहानच होता. शैली-पुस्तिकेतल्या सवयीकडे पूर्वग्रह म्हणून पाहण्याची दृष्टी तेव्हा यायची होती.

नऊ दशकांनंतर हाच वाद दुसऱ्या शब्दावरून उभा राहिला. जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर, 19 जून 2020 रोजी असोसिएटेड प्रेसने वंशवाचक 'ब्लॅक' शब्दाला मोठे अक्षर देण्याचे ठरवले. 'न्यू यॉर्क टाइम्स'ने त्याच महिन्याच्या अखेरीस तसेच केले. मग 'व्हाइट'चे काय? असोसिएटेड प्रेसने जुलैत तो शब्द लहानच ठेवायचे ठरवले. गोऱ्यांना रंगावरून भेदभाव सोसल्याचा सामाईक इतिहास नाही, आणि गोऱ्या वर्चस्ववाद्यांची तशी लिहिण्याची रीत आहे, ही कारणे दिली. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने त्याच महिन्यात दोन्ही शब्दांना मोठे अक्षर दिले. निर्णय वेगवेगळे झाले, पण आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे, की या वेळी प्रत्येकाने आपले कारण वाचकांसमोर मांडले. 1899 ची ती तळटीप आता संपादकांनाही लिहावी लागली. कोणाचे कारण पटते, कोणाचे पटत नाही, हे वाचकाने ठरवावे. ठरवता येते, कारण ते सांगितलेले आहे.

या साऱ्याशी मराठी वाचकाचा संबंध काय? एक संबंध थेट आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रसंघाकडे नीग्रो समाजाच्या वतीने जो अर्ज जाणार होता, त्याच्या प्रती त्यांनी मागितल्या होत्या आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतल्या साम्याचा उल्लेख केला होता. ड्यू बॉइस यांनी 31 जुलै 1946 रोजी त्यांना उत्तर पाठवले. 1948 साली बाबासाहेबांचा 'द अनटचेबल्स' हा इंग्रजी ग्रंथ निघाला. तो वाचताना दिसते, की ब्राह्मण आणि हिंदू या शब्दांप्रमाणेच 'अस्पृश्य' या अर्थाच्या इंग्रजी शब्दालाही ते मोठे अक्षर देतात. ग्रंथ मांडणीने वकिली आहे. पूर्वपक्ष, पुरावा, खंडन, आणि स्वतःचा सिद्धान्त पुराव्याच्या किती बळावर उभा आहे याची कबुली. आग्रही लेखन आणि वस्तुनिष्ठ लेखन एकाच ठिकाणी कसे नांदते हे पाहायचे असेल तर फार लांब जायला नको.

दुसरा संबंध लिपीचा. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' 6 जानेवारी 1832 रोजी निघाले, तेव्हा त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापलेला असे. एका स्तंभात अक्षरे चढतउतरत, दुसऱ्यात सगळी एका शिरोरेषेखाली. पुढे इंग्रजीची विरामचिन्हे मराठीत आली. ती रुळवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. स्वल्पविराम आला, प्रश्नचिन्ह आले, उद्गारचिन्हही आले; मोठे अक्षर मात्र आले नाही, कारण त्याला लिपीत जागाच नव्हती.

म्हणून मराठी लेखन आपसूक समतेचे झाले, असे मात्र कोणी समजू नये. मोठ्या अक्षराचे काम आपल्याकडे क्रियापद आणि सर्वनाम करते. 'तो आला' आणि 'ते आले' यांतला फरक इंग्रजीतल्या कुठल्याही मोठ्या अक्षराहून अधिक बोलका आहे. ऐतिहासिक लेखनात कोणाला एकवचनी आणि कोणाला आदरार्थी बहुवचनी ठेवायचे, हे आपण क्वचितच विचारपूर्वक ठरवतो. राजे 'येतात', त्यांचा मोतद्दार 'येतो'. आपला सरदार 'बोलले' आणि शत्रूचा सरदार 'बोलला'. या लेखातही फ्रँकलिन 'त्याने' म्हणतो आणि ड्यू बॉइस 'ते' सांगतात. पाश्चात्त्यांना एकवचनात लिहिण्याचा मराठीचा जुना प्रघात एकाच्या बाबतीत पाळला गेला आणि दुसऱ्याच्या बाबतीत आम्ही तो जाणूनबुजून सोडला, कारण ज्या माणसाची लढाईच नावाच्या मानासाठी होती, त्याला एकवचनात बसवणे आम्हांला प्रशस्त वाटले नाही. ही आमची निवड, आणि ती येथे सांगितली आहे. 'दलित' या शब्दाला इंग्रजीत मोठे अक्षर मिळाले. देवनागरीत तशी सोय नसल्यामुळे त्या शब्दाला आपले वजन साहित्यातून आणि चळवळीतून कमवावे लागले.

मग आपले मत पटवू पाहणाऱ्या लेखकाने करावे तरी काय? आवाज आवरावा, हा उपदेश चुकीचा नाही, अपुरा आहे. आपल्याकडच्या सरकारी इंग्रजीत शासन, विभाग, माननीय, खाली सही करणारा अशा प्रत्येक शब्दाला मोठे अक्षर देण्याची हौस अजून दिसते. ती आवरली तर मजकूर नक्कीच वाचनीय होईल. परंतु बॉइलने केले ते अधिक अवघड आहे. आपले फसलेले प्रयोग सांगणे. लिपमनने सुचवले तेही अवघड आहे. आपल्याला जे व्हावेसे वाटते, त्याच्या बातम्या दुप्पट तपासणे. प्रतिपक्षाचा मुद्दा त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडणे, जो नियम एकाला तोच दुसऱ्याला लावणे, आणि जिथे वेगळा लावला तिथे तसे सांगणे. हे केलेले असेल तर लेखकाने एखाद्या शब्दाला खुशाल मोठे अक्षर द्यावे. ते का दिले, हे त्याने एका तळटीपेत सांगितले म्हणजे झाले.